गिटारमधलं कापरं कोणी बसवलं

पुंडलिक, अकोल्याला मोर्णा नदीच्या काठी तुला निरोप दिला तेव्हा मी गर्दीत बराच मागे उभा होतो. पुढे सरकायला जागाच नव्हती. टेलिफोन खात्यातले तुझे सोबती होते, सगळी वस्ती होती, आणि ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं अशीही पुष्कळ माणसं होती. माझ्या शेजारी एक म्हातारा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता. मी विचारलं, "तुमी कोण त्याचे?"

"कोणी नाही," तो म्हणाला. "माह्या रेडिओचा आवाज फाटला होता. त्यानं नीट करून देल्ला."

मला रडू आलं नाही. मी अमरावतीला दहा वर्षं रेडिओ नीट करून देतोय. मी गेलो तर माझ्या गिऱ्हाइकांपैकी कोण असा सोगा डोळ्यांना लावील, हे मी मनात शोधत राहिलो आणि मला एकही चेहरा सापडला नाही. त्या काठावर मेलेल्या माणसाचा हेवा करणारा मी एकटाच असेन.

तुझा हेवा करायची मला फार जुनी सवय. ती कुठून लागली तेही ठाऊक आहे. मूर्तिजापूरच्या अलीकडे आपलं गाव, तुझे वडील आमच्याकडे सालदार. वर्षभराच्या बोलीवर आमची चाळीस एकर काळी जमीन तेच राबत. आमचे बैल त्यांच्याच हाताखाली तयार झाले. माझे बाबा त्यांना नुसतं 'तुकाराम' म्हणत, आणि माझ्याहून तीस वर्षांनी मोठ्या माणसाला मीही तसंच म्हणत असे. त्याची लाज मला फार उशिरा वाटली.

धम्मदीक्षेच्या दुसऱ्या वर्षी आपण दोघं अमरावतीला रेडिओ मेकॅनिकच्या कोर्सला लागलो. लेखी परीक्षेत मी पहिला आलो. प्रात्यक्षिकात मास्तरांनी प्रत्येकाला एक बंद रेडिओ दिला. मी मीटर लावून एकेक टोक तपासत बसलो. तू रेडिओ चालू केलास, डोळे मिटलेस, बोटाच्या नखानं काचेच्या एकेका व्हॉल्व्हवर टिचकी मारलीस आणि तिसऱ्याशी थांबून म्हणालास, "मास्तर, याचा आवाज पोकळ येऊन राहिला." मास्तरांनी व्हॉल्व्ह बदलला, रेडिओ बोलू लागला. माझी अजून निम्मी टोकंही झाली नव्हती. निकालाच्या दिवशी बाबा गावाहून आले होते. परतताना एसटीत खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाले, "तुकारामाचं पोट्टं तुह्या पुढं गेलं म्हणे." तुझ्याशी मी नंतर आठवडाभर बोललो नाही. तुला वाटलं मला ताप आहे. तू खानावळीतून माझ्यासाठी वरणभाताचा डबा आणलास.

पुढे मला बाबांनी अमरावतीला दुकान काढून दिलं आणि तुला अकोल्याला नोकरी लागली. माझ्याजवळ हवाईयन गिटार आली, मुंबईहून मागवलेली. ती मांडीवर आडवी ठेवायची, तारांवरून पोलादी कांडी फिरवायची. एका मास्तरांकडे मी ती दोन वर्षं शिकलो आणि आमच्या ऑर्केस्ट्रात वाजवू लागलो. अॅम्प्लिफायर माझ्या हातचा होता. तू गिटारला कधी हात लावला नाहीस. रविवारी अकोल्याहून यायचास, दुकानातल्या स्टुलावर बसायचास आणि ऐकायचास. मी चुकलो तर तुझी डावी भुवई किंचित हलायची. ती भुवई मला अजून स्वप्नात दिसते.

मग ते कापरं माझ्या डोक्यात शिरलं. रेडिओवर एका विलायती रेकॉर्डमध्ये गिटारचा स्वर पाण्यावरच्या उजेडासारखा थरथरताना मी ऐकला होता. बोटांनी तो तसा निघेना. पोस्टानं येणाऱ्या एका इंग्रजी मासिकात त्याच्या जोडणीचा नकाशा मिळाला, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. वस्तू अगदी साधी होती. एक व्हॉल्व्ह, त्याच्यापुढे तीन कंडेन्सर आणि तीन रेझिस्टन्स यांची साखळी. व्हॉल्व्हमधून निघालेली लहर त्या साखळीतून फिरून परत त्याच व्हॉल्व्हकडे येते आणि सेकंदाला पाच-सहा वेळा आपली आपण वरखाली होत राहते. ती लहर अॅम्प्लिफायरच्या शेवटच्या व्हॉल्व्हला नेऊन दिली की गिटारचा आवाज तिच्यासोबत वरखाली होतो. बस्स, एवढंच. मी तुला सांगितलं नाही. तयार करून तुला थक्क करायचं होतं.

तीन महिने ते यंत्र माझ्यापुढे मढ्यासारखं पडून होतं. चालू केलं की मीटरचा काटा दोनदा हलायचा आणि थांबायचा. कंडेन्सर बदलले, रेझिस्टन्स बदलले, व्हॉल्व्ह बदलला. अखेर एका रविवारी तू स्टुलावर बसल्या बसल्या विचारलंस, "फडक्याखाली काय झाकून ठेवलं बे?"

मी दाखवलं. तू नकाशा मागितला नाहीस. काट्याकडे बघत बसलास.

"दोनदा हलते अन् मरते," तू म्हणालास. "म्हणजे लहर फिरून येते तवा थकून येते. तुह्या व्हॉल्व्हले धाप लागून राहिली, वसंता. त्याची ताकद कुठी तरी गळून राहिली."

तू यंत्र उलटं केलंस, व्हॉल्व्हच्या पायाशी बोट नेलंस. "इथीसा मोठा कंडेन्सर पाहिजे होता. काहून नाही लावला?"

नकाशात तो होता. पंचवीस मायक्रोफॅरडचा. मला तो चैनीचा वाटला होता, म्हणून मी गाळला होता. तसं मी तुला सांगितलं नाही. "नकाशात नाही," असं म्हणालो. तू माझ्या खणातून एक जुना कंडेन्सर शोधलास आणि कथलाचे दोन डाग दिलेस. काटा हलला, परत आला, पुन्हा हलला, आणि झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा संथ वरखाली होत राहिला. तू हसलास. मीही हसलो. पुंडलिक, त्या क्षणी मला खरोखर आनंद झाला होता. तो किती वेळ टिकला हे विचारू नकोस.

मी गिटार लावली. स्वर थरथरला. पण हात उचलला तरी स्पीकरमधून धप धप असा ठोका येतच राहिला, दाराशी कोणी उभं असल्यासारखा. मी म्हणालो, "एवढं चालते. वाजवताना ऐकू येत नाही."

"मले येते," तू म्हणालास.

पुढचा रविवार तू त्या ठोक्यातच घालवलास. मग म्हणालास की अॅम्प्लिफायरच्या शेवटी एकच व्हॉल्व्ह आहे तोवर ठोका जाणार नाही. दोन लावायचे, समोरासमोर. कापऱ्याची लहर दोघांना सारखीच ढकलते, तिचं ढकलणं एकमेकांत जिरतं आणि उरते ती नुसती गिटार. "पण दोघं सारखे पाहिजे. जोडीतला एक बैल दणकट अन् एक मरतुकडा असला तं जू कलतेच ना. बाबा सांगत, बैल बाजारात नाही, जुवाखाली पाहावा." आणि तू माझ्या जुन्या व्हॉल्व्हच्या खोक्यातून संध्याकाळपर्यंत एकेक लावून पाहत एक जोडी जमवलीस. बैल आमचे होते. त्यांच्याकडे बघून शिकला होता तुझा बाप, आणि त्याच्याकडून तू. मी त्याच बैलांच्या घरात वाढलो आणि मला ते सुचलं नाही. मी तुला चहा पाजला आणि मनातल्या मनात जळत राहिलो.

वरूडच्या लग्नाबद्दल मी तुझ्याशी कधी बोललो नाही. तू मात्र बोलला असतास तर फार बरं झालं असतं. संत्र्याच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न, आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम. ट्रकमध्ये संत्र्यांच्या रिकाम्या पेट्यांवर बसून आपण गेलो होतो. अॅम्प्लिफायर हादऱ्यांनी बिघडू नये म्हणून तू तो सारा रस्ता मांडीवर धरून बसला होतास. दुपारी मांडवात मी एक विरहाचं गाणं वाजवलं आणि कापरं चालू केलं. बायकांचं बोलणं थांबलं. वाढणारे पोरगे हातात पातेली घेऊन उभे राहिले. गाणं संपल्यावर निवेदकानं मला विचारलं, "वसंतराव, ही जादू आणली कुठून?"

माझ्या तोंडासमोर माईक होता. तू मांडवाच्या पहिल्या खांबाशी बसला होतास. मी म्हणालो, "आणली नाही. हे यंत्र मी स्वतः माझ्या दुकानात बनवलं."

टाळ्या पडल्या. तूही वाजवल्यास. मी नेमकं तेच बघत होतो, म्हणून मला नक्की आठवतं. परतीच्या वाटेवर तू पुन्हा अॅम्प्लिफायर मांडीवर घेतलास. मला वाटलं आता बोलशील. मी उत्तर तयार केलं होतं की नकाशा माझा, सामान माझं, दुकान माझं. मोर्शी मागे पडल्यावर तू म्हणालास, "वसंता, कापरं जरा जलद ठेवलं तू. गाणं रडून राहिलं होतं, अन् तुह्या यंत्राले थंडी वाजून राहिली होती."

बस्स, एवढंच. 'तुह्या यंत्राले.' माझं तयार उत्तर तसंच पोटात राहिलं. आजही आहे.

त्यानंतर माझ्या दुकानाचं नाव झालं. अंजनगावपासून यवतमाळपर्यंतचे वाजवणारे 'कापरं बसवून द्या' म्हणत येऊ लागले. त्याच सुमारास तुझं लग्न झालं. शेवंता वहिनींचा आवाज मी प्रथम तुझ्या घरी ऐकला. त्या चुलीपुढे भाकरी थापत गुणगुणत होत्या आणि तू दारात उभा राहून डोळे मिटून ऐकत होतास, त्या व्हॉल्व्हच्या दिवशी मिटले होतेस तसेच. माझंही लग्न झालं होतं. माझी बायको चांगली आहे, संसार नीट आहे. पण मी कोणाकडे असे डोळे मिटून ऐकत उभा राहिलेलो नाही. याही गोष्टीचा मी हेवा केला. वहिनींचा नव्हे, तुझ्या त्या उभं राहण्याचा.

तुझं पोस्टकार्ड आलं ते पुढच्या वर्षी. वहिनी चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात गाणार होत्या. वस्तीतले सुदाम मास्तर गिटार वाजवणार होते. त्यांच्यासाठी तू अॅम्प्लिफायर बांधत होतास. 'दोन व्हॉल्व्हचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर अकोल्यात मिळत नाही. तुझ्याकडे असला तर ठेवजो, रविवारी येऊन नेतो.' माझ्या फळीवर दोन होते, कोऱ्या खोक्यांत. मी उलट टपाली कार्ड टाकलं, 'सध्या नाही. येण्याची तसदी घेऊ नये.' तसदी. तुला मी आयुष्यात असला शब्द कधी वापरला नव्हता. आणि ती खोकी तू मागच्याच महिन्यात स्वतःच्या हातानं फळीवर लावून दिली होतीस, हे मला कार्ड टाकून आल्यावर आठवलं.

जयंतीला मी अकोल्याला आलो, तुला न कळवता. का आलो? यंत्र बिघडलेलं पाहायला आलो, हे आता लिहून टाकतो. दिवेलागणीची वेळ होती. मी मंडपाच्या टोकाला पानठेल्याशी उभा राहिलो. वहिनी उभ्या राहिल्या, पांढरी साडी, हातात कागदसुद्धा नाही. सुदाम मास्तरांनी गिटार छेडली, आणि ते कापरं सुरू झालं.

ते माझ्या यंत्रासारखं नव्हतंच. तू साखळीतल्या एका रेझिस्टन्सच्या जागी फिरता रेझिस्टन्स घातला होतास आणि त्याचं बटण हाती धरून कडेला जमिनीवर बसला होतास. वहिनींचा श्वास लांबला की तू बटण हळूच मागे घ्यायचास, आणि कापरं संथ व्हायचं. त्या चढायला लागल्या की तेही चढायचं. त्या तुझ्याकडे बघत नव्हत्या, तू त्यांच्याकडे बघत नव्हतास. ठोका तर नावालाही नव्हता. माझ्या शेजारी पानवाला चुना लावायचा थांबला होता.

तू मला पाहिलंसच. कार्यक्रम संपल्यावर गर्दीतून वाट काढत आलास, माझा हात धरून यंत्रापाशी नेलंस. ट्रान्सफॉर्मर उघडाच होता. जळक्या ट्रान्सफॉर्मरचं लोखंड घेऊन तू नवी तार हातानं गुंडाळली होतीस, थराथरात कागद घालून. फेरे वहिनींनी मोजले होते. मी मुंबईहून मागवलेल्या माझ्या ट्रान्सफॉर्मरची तार इतकी एकसारखी नव्हती.

"तू नाही म्हटलं ते बरंच झालं, वसंता," तू म्हणालास. "नाही तं मी गुंडाळायले शिकलोच नसतो."

हे तू सरळ म्हणालास की टोमणा मारलास? त्यानंतर चार वर्षं मी यावर तुझ्याशी मनातल्या मनात भांडतोय. कधी मला वाटतं, तुला ती खोकी आठवत होती. कधी वाटतं, तुझ्यात टोमणा मारायची सोयच नव्हती. तू मला एकदा शिवी दिली असतीस तर मी दुसऱ्या दिवशी दोन्ही खोकी घेऊन तुझ्या दारात उभा राहिलो असतो. तू ती दिली नाहीस, आणि मी माझ्या दुकानात जास्त जास्त कामात राहू लागलो. तू यायचास. मी पोस्टकार्डाला उत्तर उशिरा द्यायचो.

यंदाच्या पावसाळ्यात तू खात्याच्या कामानं अमरावतीला आलास आणि दुकानाच्या पायरीशी उभा राहिलास. डोळे पिवळे दिसत होते तुझे. मला ते दिसले होते, पुंडलिक. मी म्हणालो, "गिऱ्हाईक आहे बाप्पा आता." गिऱ्हाईक एकच होतं आणि तेही निघालंच होतं.

"येतो मंग," तू म्हणालास.

कावीळ एवढी वाढली आहे हे मला कळलं तोवर तू गेला होतास.

परवा, तू गेल्यानंतरचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तो आटोपल्यावर वहिनींनी मला थांबवून घेतलं. "भाऊजी, यंत्र सुरू होत नाही. पाहता का जरा?" सुदाम मास्तर आणि तुझे खात्यातले दोन सोबती तिथेच बसले होते. मी झाकण काढलं. आतल्या तारा अशा वळवल्या होत्या, जशी एखाद्या बाईनं पोरीची वेणी घालावी. मी तुझी चूक शोधत होतो. एखादा कच्चा डाग, एखादी आखूड तार. अर्धा तास शोधली. काही नव्हतं. फक्त कापऱ्याचा व्हॉल्व्ह वापरून वापरून थकला होता. तो मी बदलला.

सुदाम मास्तर म्हणाले, "तुमच्याच हातानं बरं झालं, वसंतभाऊ. मूळ तर तुमचंच हे. पुंडलिकदादा सगळ्यायले सांगत, अमरावतीच्या वसंतानं मले शिकवलं."

तू हे अकोलाभर सांगत होतास. मी वरूडला माईकवर जे खोटं बोललो, ते तू वर्षानुवर्षं खरं करून देत होतास. आणि मला काय वाटलं असेल? उपकार नाही वाटले. हेवाच वाटला. इतकं मोठं काही आपल्या हातून सहज दुसऱ्याला देऊन टाकता येणं, मला ते जन्मात जमलं नसतं.

मी म्हणालो, "मास्तर, उलट आहे ते. कापरं पुंडलिकनं बसवलं. माझं यंत्र मेलेलं होतं. त्यानं जिवंत केलं, अन् लोकांत मी माझं म्हणून सांगितलं."

मास्तर हसले. बाकी दोघांकडे वळून म्हणाले, "पाहा, याले म्हणतात मोठं मन. दोस्त गेला तं श्रेय बी त्याच्याच पदरात टाकून राहिले." दोघांनी माना डोलावल्या. मी पुन्हा सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले.

ते गेल्यावर वहिनींनी चहा आणून ठेवला. म्हणाल्या, "मले माहीत आहे, भाऊजी. लग्नाच्या सालीच सांगितलं होतं त्यायनं."

"मंग लोकायले असं काहून सांगत होता तो?"

"मीबी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तं म्हणत, कोर्सच्या पहिल्या दिवशी मी बाकावर बसलो तं बाकीचे पोट्टे उठून दुसरीकडे गेले. वसंता उठला नाही. ज्याच्या घराच्या ओसरीवर माहा बाप चढला नाही, त्याचा पोरगा माह्या बाजूले बसून राहिला. माह्या हातून तो कुठी लहान नाही झाला पाहिजे."

मी चहा प्यायलो. चारी स्क्रू लावून झाकण बसवलं आणि मूर्तिजापूरमार्गे जाणाऱ्या एसटीत बसलो. वहिनींना मी काही सांगितलं नाही. आयुष्यात एकदाच कोणी माझ्याबद्दल एवढं चांगलं मानलं होतं, ते त्यांच्यापाशी तसंच राहू द्यावं असं मला वाटलं.

पण तुझ्यापाशी नको. तो बाक खिडकीचा होता, पुंडलिक. वर्गातला एकच चांगला उजेड तिथे यायचा आणि मी तो पकडायला लवकर आलो होतो. तू शेजारी येऊन बसलास तेव्हा मी उठलो नाही, कारण तू उठशील याची वाट पाहत होतो.